मुरबाडला चिखलणीसाठी पहिल्यांदा ट्रॅक्टरवर बसतोयस ना?

भावा, लिफ्ट-गिअरचं नंतर, आधी सीट बघ. क्लच पूर्ण दाबल्यावरही गुडघा थोडा वाकलेला राहिला पाहिजे. पाय ताणावा लागत असेल तर सीट पुढे घे. खाली वजनाचा नॉब असेल तर तो स्वतःच्या वजनाला लाव, गाडी मालकाच्या वजनाला लावलेली असते.

खरी वाट लागते ती मागे बघण्यात. मागे चिखल करणारा रोटाव्हेटर कसा चाललाय ते बघायला माणूस सारखा कंबरेतून पिळतो, तेही उजवीकडूनच, कारण तो वर-खाली करायचा लिफ्टचा दांडा त्याच हाताला. आपली खाचरं लहान, वळणंच वळणं. रात्री मान धरते ती यानेच. आधी बूड सीटवर जरा तिरकं कर, हात मडगार्डवर टेकव, मग खांदे वळव. आरसा लावून घे, पोरं हसली तर हसू देत.

बांध चढताना गाडी सरळ आणि हळू घे. दणका थेट मणक्यात जातो.

उतरताना मात्र उडी नको! दिवसभर हादरलेली कंबर, त्यात पायरीवर चिखल. रोटाव्हेटर फिरवणारा पीटीओ बंद कर, तोंड ट्रॅक्टरकडे कर, चढ-उतरायचं हँडल धरून एकेक पाय खाली टाक. तासाभराने असं उतरून बांधावर दोन चकरा मारत जा, मालक कितीही ओरडला तरी.