ड्यूक आणि नॉर्थ कॅरोलिना यांच्यातील २०२२ च्या बास्केटबॉल सामन्याची चाहत्यांना एवढी उत्कंठा का होती?

ही दोन्ही विद्यापीठे अमेरिकेच्या नॉर्थ कॅरोलिना राज्यात एकमेकांपासून जेमतेम सोळा किलोमीटरवर आहेत आणि त्यांचे संघ दरवर्षी किमान दोनदा भिडतात. तरीही एनसीएए या अमेरिकी महाविद्यालयीन क्रीडा संघटनेच्या राष्ट्रीय स्पर्धेत तोवर त्यांची एकदाही गाठ पडली नव्हती. ती पडली तीही थेट उपांत्य फेरीत, २ एप्रिल रोजी न्यू ऑर्लिन्समध्ये. त्यातच ड्यूकचे प्रशिक्षक माइक शशेफ्स्की यांचा तो ४२ वा आणि अखेरचा हंगाम होता, म्हणजे पराभव झाल्यास त्यांची कारकीर्द तिथेच संपणार होती.

माझ्या मते खरी ठिणगी मात्र ५ मार्चला पडली. शशेफ्स्की यांच्या घरच्या मैदानावरील शेवटच्या सामन्यात नॉर्थ कॅरोलिनाने ९४–८१ असा विजय मिळवून निरोपाच्या सोहळ्यावर विरजण घातले होते. या लढतीसाठी ड्यूकचे विद्यार्थी ऐन हिवाळ्यात आठवडेच्या आठवडे मैदानाबाहेर तंबू ठोकून राहतात, हे ध्यानात घेतले म्हणजे तो पराभव त्यांच्या किती जिव्हारी लागला असेल, याची कल्पना येते. न्यू ऑर्लिन्समध्ये त्याची परतफेड मात्र झाली नाही; अखेरच्या अर्ध्या मिनिटात नॉर्थ कॅरोलिनाच्या केलेब लव्हने तीन गुणांचा बास्केट केला आणि त्याचा संघ ८१–७७ असा जिंकला.