टेक्सासमध्ये रानडुकराची शिकार करून वर्षभराचे मांस फ्रीझरमध्ये साठवायचे असल्यास नियोजन कसे करावे?

तुम्ही लिहिले आहे की तुम्ही डॅलसजवळ राहता, एच-१बी व्हिसावर आहात आणि येत्या ऑक्टोबरात एकाच शनिवार-रविवारी तीन-चार रानडुकरे मारून चार माणसांच्या घराला वर्षभर पुरेल एवढे मांस भरून ठेवण्याचा तुमचा विचार आहे. मी मूळचा सिंधुदुर्गातला असून मध्य टेक्सासमध्ये बरीच वर्षे राहतो आहे आणि दर हिवाळ्यात आमच्या घरचे डुकराचे मांस शिकारीतूनच येते. त्या अनुभवावरून सांगतो की बेत चांगला आहे, पण महिना चुकीचा आहे, एका वेळची संख्या चुकीची आहे, आणि एक कायदेशीर बाब तुमच्या लक्षात आलेली दिसत नाही. तिच्यापासूनच सुरुवात करतो, कारण तिथे चूक झाली तर बाकीच्या सल्ल्याला अर्थ उरत नाही.

टेक्सासमध्ये १ सप्टेंबर २०१९ पासून खाजगी जमिनीवर, जमीनमालकाच्या परवानगीने, रानडुक्कर मारायला शिकारीचा परवाना लागत नाही. हंगामाचे बंधन नाही, संख्येची मर्यादा नाही, रात्रीही शिकार करता येते. ही माहिती सगळीकडे मिळते आणि बहुतेक जण तिथेच थांबतात. मात्र केंद्रीय कायदा वेगळा आहे. एच-१बी, एच-४, एफ-१ अशा तात्पुरत्या व्हिसावर आलेल्या व्यक्तीला अमेरिकेत बंदूक किंवा काडतूस जवळ बाळगण्याची मनाई आहे, आणि त्या मनाईला असलेल्या मोजक्या अपवादांपैकी आपल्या उपयोगाचा अपवाद म्हणजे अमेरिकेतल्या एखाद्या राज्याने दिलेला, मुदत न संपलेला शिकारीचा परवाना. म्हणजे डुकरासाठी टेक्सास राज्य तुमच्याकडे परवाना मागत नसले, तरी रँचमालकाची, म्हणजे ज्याच्या खाजगी जमिनीवर शिकार करणार त्याची, रायफल नुसती हातात घेण्यासाठीसुद्धा तुमच्या खिशात तो परवाना असला पाहिजे. ग्रीन कार्डधारकांना ही अट नाही, म्हणूनच जुन्या मित्रांना विचारले तर ते सहज ‘काही लागत नाही’ असे सांगतात. राज्यात सहा महिने वास्तव्य झालेल्या रहिवाशाला साधा परवाना २५ डॉलरला मिळतो. तो कधीही काढला तरी ३१ ऑगस्टला संपतो, हे विसरू नका. २ सप्टेंबर १९७१ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्यांसाठी शिकारी प्रशिक्षणाचा अभ्यासक्रम असतो, तो ऑनलाइन पूर्ण करता येतो. तो करा, बंदूक कधीच हाताळली नसेल तर आवर्जून करा. व्हिसाच्या नूतनीकरणाचा किंवा ग्रीन कार्डाचा अर्ज चालू असेल, तर बंदुकीला हात लावण्याआधी इमिग्रेशनच्या वकिलाला एकदा विचारून घ्या.

आता मांसाचा हिशेब. खाण्यासाठी उत्तम जनावर म्हणजे साधारण ६० ते १२० पौंडांची मादी. मोठ्या नराच्या मांसाला शिजवताना उग्र दर्प येतो, तो त्याच्या चरबीत साठलेल्या द्रव्यांमुळे येतो आणि कितीही मसाला घातला तरी पुरता झाकला जात नाही. सुळे भिंतीवर लावायचे असतील तर नर मारावा, डब्यात न्यायचे मांस हवे असेल तर मादी. शंभर-सव्वाशे पौंडांच्या मादीतून हाडे काढल्यावर ढोबळमानाने ४० पौंड, म्हणजे १८ किलो मांस निघते. चार माणसांच्या घरात दर रविवारी एक किलो शिजत असेल, तर अशा तीन माद्यांत वर्ष निघते. तेव्हा तीन हा तुमचा आकडा बरोबर आहे, फक्त त्या तीन एकाच वेळी मारायच्या नाहीत.

कारण घरचा फ्रीझर हा गोठलेले अन्न गोठलेले ठेवण्यासाठी बनवलेला असतो; मोठ्या प्रमाणावर ताजे मांस गोठवण्याची ताकद त्यात नसते. चोवीस तासांत दर घनफुटाला दोन ते तीन पौंडच मांस त्यात घालावे, असा ठोकताळा आहे. सात घनफुटांच्या आडव्या फ्रीझरमध्ये एका दिवसात १४ ते २१ पौंड झाले. एका डुकराचे मांस गोठवायला दोन ते तीन दिवस लागतात आणि तेवढे दिवस उरलेले मांस फ्रिजमध्ये थंड राहिले पाहिजे. तीन डुकरे एकदम आणली, तर सव्वाशे पौंड मांसापैकी बरेचसे कुठे ठेवावे या विवंचनेत तुम्ही सोमवारी ऑफिसला जाल. शिवाय रानडुकराचा खिमा चार-पाच महिन्यांत चवीला उतरू लागतो, अख्खे मोठे तुकडे वर्षभर टिकतात. म्हणून नोव्हेंबर अखेर एक, जानेवारीत एक आणि फेब्रुवारी अखेर किंवा मार्चच्या सुरुवातीला एक, असा तीन शिकारींचा बेत करा.

ऑक्टोबर नको असे मी म्हणतो त्यामागे माझी पहिली शिकार आहे. ऑक्टोबरच्याच एका संध्याकाळी मी दोनशे पौंडांच्या आसपासचा नर मारला. हवा तेव्हाही तीस अंश सेल्सिअसच्या वर होती, माझ्याकडे एकच लहान कूलर, म्हणजे बर्फ घालून मांस थंड ठेवायची पेटी, आणि बर्फाच्या दोन पिशव्या होत्या. पोट साफ केले, फरे आहेत तसे हाडासकट कूलरमध्ये कोंबले आणि झोपलो. दुसऱ्या दिवशी दुपारी घरी मागचा फरा कापायला घेतला तेव्हा वरचे मांस लालबुंद आणि स्वच्छ दिसत होते. पण सुरी खुब्याच्या सांध्यापर्यंत गेली आणि आंबूस वास आला. हाडाभोवतीचे मांस हिरवट-करडे पडले होते. जाड मांडीच्या आत, हाडाजवळ, जनावराची ऊब तासन्‌तास टिकून राहते आणि मांस तिथूनच नासायला लागते, बाहेरून काहीही कळत नाही. दोन्ही मागचे फरे टाकून द्यावे लागले. एक जीव घेऊन त्याचे निम्मे मांस कचऱ्यात घातले, याचे वाईट आजही वाटते, आणि हे सविस्तर लिहिण्याचे कारणही तेच आहे.

तेव्हा थंड दिवस निवडा आणि शक्यतो सकाळी बसा, म्हणजे पुढचे काम उजेडात होते. रँच ठरवताना फोनवर काही गोष्टी स्पष्ट विचारा: डुक्कर टांगून सोलायची जागा आणि वाहते पाणी आहे का, चालत आत जाता येईल अशी थंड खोली आहे का, मादी मारायला मुभा आहे का, आणि पैसे दिवसाचे घेतात की डुकरागणिक. मला विचाराल तर पहिल्या खेपेला थंड खोली असलेला रँच थोडे जास्त पैसे देऊनही घ्यावा. मांस कापून बांधून देणारे प्रोसेसर असतात, पण त्यांच्यापैकी काही रानडुक्कर घेतच नाहीत, म्हणून शिकारीआधी विचारून ठेवा. कुंपणांबाबत फार जपा. खांबांवर किंवा झाडांवर जांभळ्या रंगाचे पट्टे दिसले तर त्याचा अर्थ टेक्सासमध्ये ‘आत येण्यास मनाई’ असा आहे, आणि जखमी डुक्कर शेजारच्या हद्दीत गेले तरी त्या मालकाला विचारल्याशिवाय पाऊल टाकू नये.

रायफलीबद्दल थोडक्यात सांगतो. .३०८ किंवा ६.५ क्रीडमूर या काडतुसांची रायफल पुरेशी आहे, आणि मांस खायचे असल्यामुळे शिशाऐवजी तांब्याची गोळी घ्या, कारण शिशाचे बारीक कण जखमेपासून बऱ्याच अंतरापर्यंत मांसात पसरतात. आदल्या आठवड्यात नेमबाजीच्या रेंजवर जाऊन १०० यार्डांवर नेम जुळवून घ्या. डुकराची नजर बेताची असली तरी नाक विलक्षण तीक्ष्ण असते. वारा तुमच्याकडून मक्याच्या फीडरकडे, म्हणजे डुकरांना खेचण्यासाठी मका टाकणाऱ्या यंत्राकडे, वाहत असेल तर दिवसभर बसूनही कळप बाहेर येणार नाही. डुकराचे काळीज हरणापेक्षा खाली आणि पुढे, पुढच्या पायांच्या मध्ये असते. हरणासारखा पुढच्या पायाच्या मागे आणि उंच नेम धरला, तर जनावर जखमी होऊन झुडपात शिरते आणि सापडत नाही. आडवे उभे असताना पुढच्या पायाच्या रेषेत, छातीच्या खालच्या तिसऱ्या भागात गोळी बसली पाहिजे. शंभर यार्डांपलीकडे किंवा हलत्या कळपावर बार टाकू नका. मादीच्या मागे अगदी लहान पिल्ले असतील तर मी थांबतो. टेक्सासमध्ये या उपऱ्या जनावरांची संख्या वीस लाखांच्या वर असून ती शेतीचे प्रचंड नुकसान करतात हे मला ठाऊक आहे, तरीही.

डुक्कर पडल्यावर घाई करायची ती इथून पुढे. आधी हातमोजे आणि डोळ्यांना चष्मा. रानडुकरांच्या रक्तात आणि विशेषतः गर्भाशयाच्या स्रावात ब्रुसेलोसिसचे जंतू असू शकतात. आपल्याकडे याच गटातल्या जंतूंमुळे गाई-म्हशींचे गर्भ पडतात. हाताला चीर असेल किंवा डोळ्यांत थेंब उडाला तर माणसाला लागण होते आणि ताप, घाम, सांधेदुखी आठवड्यांनी, कधी महिन्यांनी सुरू होते. असा ताप आला तर आपण रानडुक्कर सोलले होते, हे डॉक्टरांना स्वतःहून सांगा. आयटीतल्या माणसाला ते कुणी विचारणार नाही. घरात कुणी गरोदर असेल तर तिने कच्च्या मांसाला हात लावू नये. सोलताना चरबी निळसर दिसली तर ते डुक्कर तिथेच सोडा, कारण निळा रंग मिसळलेले विषारी आमिष त्याने खाल्लेले असते.

मागच्या पायांनी टांगून, कातडी उतरवून, आतडी न फोडता पोट साफ करायचे आणि खांदे, मागचे फरे, पाठीचे दोन लांब पट्टे वेगळे काढायचे. हवा थंड नसेल तर मागच्या फऱ्यात हाडाच्या कडेने एक खोल चीर देऊन ऊब बाहेर पडू द्यायची. माझा नियम असा झाला आहे की एका डुकरामागे मोठा कूलर एक आणि बर्फ किमान ४० पौंड. तळाशी बर्फ, त्यावर मांस, वर पुन्हा बर्फ, खालची बूच उघडी आणि कूलर किंचित कलता, म्हणजे वितळलेले पाणी व रक्त वाहून जाते आणि मांस पाण्यात बुडून पांढरे पडत नाही. असे दोन दिवस बर्फ बदलत ठेवले तर मांस मऊही होते. तापमान ४० अंश फॅरनहाइटच्या खाली राहिले पाहिजे. त्यासाठी आठ-दहा डॉलरचा थर्मामीटर कूलरमध्ये टाकून ठेवा.

एक गैरसमज तुमच्या प्रश्नातही डोकावतो: ‘गोठवल्यावर जंत मरतातच ना?’ दुकानातल्या डुकराबाबत काही प्रमाणात ते खरे असले, तरी वन्य प्राण्यांतल्या ट्रायकिनेला जंताच्या काही जाती गोठवणुकीला दाद देत नाहीत, आणि ब्रुसेलाचे जंतूही फ्रीझरमध्ये मरत नाहीत. धूर देऊन, खारवून किंवा वाळवूनही खात्री देता येत नाही. आतपर्यंत १६० अंश फॅरनहाइट, म्हणजे ७१ अंश सेल्सिअस तापमान गेले पाहिजे. आपली स्वयंपाकाची पद्धत इथे कामी येते. इथल्या मित्रांप्रमाणे गुलाबी चाप खाण्याचा मोह टाळून कुकरला शिट्ट्या काढल्या की प्रश्न मिटतो. हे मांस पाळीव डुकरापेक्षा कमी चरबीचे आणि गडद असते, त्यामुळे गोव्याकडच्या पद्धतीने व्हिनेगर आणि लाल मिरचीच्या वाटणात रात्रभर मुरवलेला खांदा मंद आचेवर दोन-अडीच तास शिजवला तर अप्रतिम होतो. पाठीचे पट्टे मात्र सुक्यासाठी ठेवा, रश्श्यात ते कोरडे पडतात.

गोठवताना व्हॅक्यूमची पिशवी वापरा आणि एका पाकिटात एका जेवणापुरतेच, म्हणजे किलोभर मांस भरा. पाकिटे चपटी करून पहिल्या दिवशी फ्रीझरच्या भिंतींना टेकवून, मध्ये फट ठेवून लावा. पूर्ण गोठल्यावर मग एकावर एक रचा. प्रत्येक पाकिटावर तारीख, कोणता भाग आणि कोणत्या डुकराचा हे लिहा. आमच्या फ्रीझरमध्ये सध्या ‘जानेवारी, मादी, खांदा’ अशी पाच पाकिटे आहेत; खिम्याची वरच्या टोपलीत असतात, कारण ती आधी संपवायची असतात.