मतपेटी आणि कोर्ट असताना मुद्दाम कायदा मोडणं नैतिक ठरतं का, अहिंसेने का होईना?

ठरतं. पण शिक्षा घ्यायची तयारी असेल तरच. तोंडाला रुमाल बांधून रस्ता अडवायचा आणि पोलिसांची गाडी दिसली की गल्लीत पळायचं, त्याला माझ्या लेखी कायदेभंग म्हणत नाहीत.

आमच्या भागात रस्तारुंदीत एक जुना वड जाणार होता. हरकतींची नोटीस झाडाला चिकटवलेली, आणि तिच्यावर कुणा दादांच्या वाढदिवसाचा फ्लेक्स. तरी शोधून हरकती दिल्या, सुनावणीला गेलो. ठेकेदाराला काम आधीच मिळालेलं. मग करवत आली त्या सकाळी आम्ही पाच-सहा पेन्शनर बुंध्याला टेकून बसलो. घोषणा नाहीत, काही नाही. करवतवाल्या पोराला आधी चहा पाजला, कारण भांडण त्याच्याशी नव्हतं. दुपारी पोलिसांनी उचललं.

चौकीत आमचे मेहुणे हजर. वकील माणूस. मला बाजूला घेऊन म्हणाले, "मॉर्निंग वॉकला निघालो होतो, गर्दी बघून थांबलो, एवढंच सांगा. बाकी मी बघतो." म्हटलं, अहो, मी मुद्दाम बसलो होतो, तेच लिहून घ्यायला सांगा. तर म्हणे, "या वयात गांधी व्हायचंय का?"

गांधींनी 1922 साली अहमदाबादच्या खटल्यात गुन्हा कबूल करून न्यायाधीशांकडे जास्तीत जास्त शिक्षा मागितली. सहा वर्षं मिळाली आणि आणलं आपल्याच येरवड्यात. खोटं बोलून सुटलो की "हे चुकीचं आहे" म्हणायचं तोंड राहत नाही. मग उरते ती नुसती हातावर तुरी देण्याची कला.

कोर्टात मी गुन्हा कबूल केला. किरकोळ दंड झाला, तो भरणार नव्हतोच. मेहुण्यांनी परस्पर भरून टाकला! अमेरिकेत 1846 साली थोरो या लेखकाचं हेच झालं. कर नाकारला म्हणून एक रात्र तुरुंगात, आणि कुणीतरी पैसे भरून त्याला बाहेर काढलं. दर दिवाळीच्या फराळाला ते ऐकून घ्यायची वेळ मात्र त्याच्यावर आली नसावी.

मेहुण्यांचा हुकमी एक्का म्हणजे आंबेडकरांचं 25 नोव्हेंबर 1949 चं भाषण. सत्याग्रह, असहकार हे अराजकाचं व्याकरण आहे, ते सोडा. पण बाबासाहेबांनी अट घातली होती, घटनात्मक मार्ग खुले असताना. निकाल ठरवून घेतलेली सुनावणी हा खुला मार्ग झाला का? आणि महाडला कायदा मोडला असं जे ते ठोकून देतात, तेही चूक. चवदार तळं सर्वांना खुलं करायचा ठराव नगरपालिकेने आधीच केला होता. 1927 मध्ये मोडली ती रूढी. आपल्या पर्वतीवरही 1929 मध्ये तेच, मंदिरप्रवेशासाठी गेलेल्यांनी मार खाल्ला, उलटून हात उगारला नाही.

"शेवटी झाड पडलंच ना?" पडलं, रातोरात. मुळशीचं धरणही झालंच, 1921 पासून मावळे सेनापती बापटांबरोबर लढले तरी. हरलात म्हणजे चुकलात, हे गणित वकिलांना शोभतं. त्यांची फी आधीच जमा असते.

आता तुम्हाला. कंत्राटी नोकरी असेल, घरी लहान मुलं असतील तर दहादा विचार करा. मी पेन्शनर होतो, माझं काय जात होतं? उपोषणाचं मात्र मला विचारू नका. गांधींच्या 1932 च्या येरवड्यातल्या उपोषणाने आंबेडकरांना पुणे करारावर सही करावी लागली. कुणाला बोट लावलं नाही म्हणून ती सक्ती नव्हती, असं मी म्हणणार नाही.

आणि मेहुणे हे वाचत असतील तर दंडाची पावती पाठवा. पैसे देतो, विषय संपवा.