मुलगा कॅनडात, हप्ता कोथरूडात: पॉलिसी बंद करावी का?

वाचकांचं पत्र लांब आहे, थोडक्यात सांगतो. कोथरूडचे निवृत्त अधिकारी, वय ६४, पत्नी ५९. मुलगा कॅनडात मिसिसॉगाला असतो, तिथला कायम रहिवासी झाला आहे. तो दोघांना सुपर व्हिसावर, म्हणजे आई-वडिलांसाठीच्या लांब मुक्कामाच्या व्हिसावर, बोलावतोय, म्हणजे वर्षातले आठ-नऊ महिने मुक्काम तिकडे. पुण्यात दोघांची मिळून १० लाखांची आरोग्य विम्याची फ्लोटर (दोघांत एकच रक्कम) पॉलिसी २०१२ पासून अखंड चालू आहे. मागचा हप्ता जीएसटीसकट ८८,५०० रुपये. साहेबांना मधुमेह आहे, २०२१ मध्ये एक स्टेंट बसला आणि तेव्हाचं ३ लाख ४० हजारांचं बिल पॉलिसीनेच भरलं. मुलाचं म्हणणं, "इकडे दवाखाना सरकार बघतं, तिकडचा हप्ता कशाला भरताय?" ब्रिटनमधल्या लीड्सच्या मेहुणीबाईंनीही दुजोरा दिलाय की त्यांना ऑपरेशनला एक पैसा लागला नाही. तेव्हा पॉलिसी बंद करून तीच रक्कम दरवर्षी एफडीत टाकावी का, हा प्रश्न. सोबत मुलाने पाठवलेलं तिकडच्या विम्याचं कोटेशनही जोडलंय.

नमस्कार. पॉलिसी बंद करू नका. पुढचं सगळं त्याचं कारण, आणि खर्च कुठे वाचवता येईल याचा हिशेब.

तुमचे चिरंजीव खोटं बोलत नाहीयेत. त्यांना जे मिळतं तेच ते सांगताहेत. मिसिसॉगा ज्या प्रांतात आहे त्या ओंटारियोची आरोग्य योजना नागरिकांना, कायम रहिवाशांना आणि ठरावीक वर्क परमिटवाल्यांना लागू होते. सुपर व्हिसावर आलेले आई-वडील कायद्याने पाहुणे. एका प्रवेशात सलग पाच वर्षं राहायची मुभा २०२२ पासून मिळाली आहे, पण पाच वर्षं राहिलात तरी तुम्ही पाहुणेच, आणि प्रांताच्या योजनेचं कार्ड तुम्हाला मिळणार नाही. म्हणून तर हा व्हिसा देताना कॅनडा सरकार किमान १ लाख कॅनेडियन डॉलरचा, प्रवेशापासून निदान वर्षभराचा खासगी आरोग्य विमा मागतं. पूर्वी तो कॅनडातल्याच कंपनीचा लागायचा. जानेवारी २०२५ पासून बाहेरच्या कंपनीचाही चालतो, मात्र तिला तिथल्या वित्तीय नियामकाची मान्यता हवी. तिथे आरोग्यसेवा खरोखर फुकट असती, तर ही अट घालायचं कारण काय होतं?

मेहुणीबाईंचंही तसंच. ब्रिटनची सरकारी आरोग्यसेवा, एनएचएस, १९४८ पासून करांतून चालते आणि तिथे रीतसर वास्तव्य असलेल्यांना सेवा देते. त्या इतकी वर्षं तिथे कर भरताहेत, त्यांचं ऑपरेशन त्या करांतून झालं. तुम्ही सहा महिन्यांच्या व्हिजिटर व्हिसावर गेलात आणि तिथल्या हॉस्पिटलात दाखल झालात, तर इंग्लंडमध्ये एनएचएसच्या दराच्या दीडपट बिल हातात येतं. नोकरीसाठी जाणारा आपला आयटीवाला मुलगासुद्धा व्हिसाबरोबर माणशी, दर वर्षाला १,०३५ पौंड आरोग्य अधिभार आधी भरतो, मग एनएचएस वापरतो. जर्मनीत सरकारी विम्यात कमाई नसलेली बायको आणि मुलं जादा पैसे न भरता बसतात, आई-वडील बसत नाहीत. अमेरिकेत मुलाने ग्रीन कार्ड काढून दिलं तरी, तिथे नोकरी न केलेल्या आई-वडिलांना ६५ पूर्ण झाल्यावरही मेडिकेअर, म्हणजे ज्येष्ठांचा सरकारी विमा, विकत घ्यायला सलग पाच वर्षांचं वास्तव्य लागतं. कट्ट्यावर या देशांच्या तुलना रंगतात तेव्हा "तिकडे कसं आहे" यावर बोललं जातं. तुमच्या खिशाच्या दृष्टीने प्रश्न एकच: तिकडे तुमचा दर्जा काय?

आता आकडे. कोटेशनप्रमाणे जुन्या आजारांसकट दोघांचा वर्षाचा हप्ता ४,२०० कॅनेडियन डॉलर आहे. डॉलर ६२ रुपये धरला तर साधारण २ लाख ६० हजार. हा विमा अचानक उद्भवलेल्या आजारासाठी किंवा अपघातासाठी. नेहमीच्या गोळ्या, तीन महिन्यांची साखरेची तपासणी, मोतीबिंदू, गुडघा यातलं काही त्यात नाही. म्हणजे ज्याला चिरंजीव वायफळ खर्च म्हणताहेत तो पुण्याचा हप्ता तिकडच्या हप्त्याच्या साधारण एक तृतीयांश आहे, आणि ठरवून करायच्या उपचारांनाही तोच उपयोगी पडणार आहे.

कोटेशनमधल्या एका कलमाकडे दोघांनीही लक्ष दिलेलं दिसत नाही, आणि मला सगळ्यात जास्त काळजी त्याचीच वाटते. जुना आजार विम्यात धरला जायचा तर तो विमा सुरू होण्याआधी १८० दिवस स्थिर असायला हवा, असं त्यात लिहिलंय. अशा पॉलिसींमध्ये स्थिर म्हणजे त्या काळात नवं लक्षण नाही, नवी तपासणी सुचवलेली नाही आणि औषधात बदल नाही. डोस वाढवला तरी तो बदल. बऱ्याच पॉलिसींत कमी केला तरीही. तुम्ही पत्रात सहज लिहून गेलाय की मागच्या महिन्यात डॉक्टरांनी साखरेची दुसरी गोळी सुरू केली. आपल्या दृष्टीने ती रोजच्यातली गोष्ट. क्लेम तपासणाऱ्याच्या दृष्टीने तुमचा मधुमेह त्या दिवसापासून अस्थिर झाला. पुढच्या महिन्यात तुम्ही विमानात बसलात आणि टोरांटोत साखर एकदम खाली जाऊन दाखल व्हावं लागलं, तर कंपनी हात वर करू शकते. तिथे विना-विमा परदेशी पेशंटला हॉस्पिटलात दिवसाला काही हजार डॉलर मोजावे लागतात. बिल मग चिरंजीवांच्या नावावर.

तेव्हा एकतर स्थिरतेची मुदत कमी असलेली पॉलिसी शोधा, ९० दिवसांवाल्याही मिळतात. नाहीतर निघायची तारीख पुढे ढकला. ऐन थंडीत तिकडे जाऊन घरात बसण्यापेक्षा उन्हाळ्याच्या तोंडावर गेलेलं बरंच. निघण्यापूर्वी डॉक्टरांकडून आजार, औषधं, डोस आणि शेवटच्या बदलाची तारीख लेटरहेडवर लिहून घ्या. आणि विम्याचा मेडिकल फॉर्म मुलाला रात्री अकरा वाजता ऑनलाइन भरू देऊ नका. आई-वडिलांच्या कोणत्या गोळ्या चालू आहेत हे फार थोड्या मुलांना नीट माहीत असतं. स्टेंटचं वर्ष चुकलं किंवा रक्तदाबाची गोळी राहून गेली, की पुढे क्लेमच्या वेळी त्याचीच फाईल निघते. व्हिडिओ कॉल लावा, समोर औषधांचा डबा ठेवा आणि दोघांनी मिळून भरा.

आता पुण्याची पॉलिसी. तिची खरी किंमत १० लाखांत नाही, २०१२ या सालात आहे. आपल्या विमा नियामकाने, म्हणजे आयआरडीएआयने, २०२४ मध्ये दोन मुदती कमी केल्या. आधीपासूनचे आजार विम्यात धरले जाण्याआधीची प्रतीक्षा जास्तीत जास्त चार वर्षांवरून तीनवर आणली, आणि सलग पाच वर्षं हप्ते भरले असतील तर फसवणूक सिद्ध केल्याशिवाय "तुम्ही माहिती लपवली" म्हणून क्लेम नाकारता येत नाही. पूर्वी त्याला आठ वर्षं लागायची. तुमच्या या दोन्ही पायऱ्या कधीच चढून झाल्या आहेत. वार्षिक हप्त्याला मुदतीनंतर ३० दिवसांची सवलत असते. ती उलटली की हे सगळं शून्यावर. मग तीन वर्षांनी "तिकडे करमत नाही" म्हणून परत आलात, तर ६७ वर्षांचा, मधुमेह आणि स्टेंट असलेला माणूस म्हणून नव्याने अर्ज. वयाची अट आता आड येणार नाही, पण तब्येत बघून कंपनी नाही म्हणू शकते. हो म्हणाली तरी हृदयासाठी पुन्हा तीन वर्षांपर्यंत थांबणं आलं.

एफडीचा पर्याय मी मांडून पाहिला. सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा १८ टक्के जीएसटी गेला, म्हणून तुमचा मूळ हप्ता ७५,००० उरतो. ज्येष्ठांचा हप्ता वर्षाला १० टक्क्यांहून जास्त वाढवायचा तर कंपनीला आयआरडीएआयशी आधी सल्लामसलत करावी लागते, म्हणून यंदा वरच्या अंगाने ८२,५०० धरू. म्हणजे वाढ धरूनही मागच्यापेक्षा कमीच. ही रक्कम दरवर्षी ७ टक्क्यांनी ठेवली तर पाच वर्षांच्या अखेरीस कर न धरता ५ लाखांच्या थोडं वर जाते. पॉलिसी मात्र पहिल्या वर्षापासून १० लाखांची हमी देते. स्टेंटची किंमत सरकारने २०१७ मध्ये बांधली. आयसीयू, खोली आणि डॉक्टरांची फी कोणी बांधलेली नाही. पुण्याच्या मोठ्या खासगी हॉस्पिटलात बायपास आणि थोडी गुंतागुंत झाली, तर ती पाच लाखांची एफडी किती पुरेल, हे २०२१ चं बिल समोर धरून तुम्हीच बघा. तुम्ही निरोगी चाळिशीतले असता तर मी थोडा वेगळा विचार केला असता. आत्ता नाही.

"हप्ता कमी करायला ५ लाखांची मूळ पॉलिसी आणि वर सुपर टॉप-अप घेऊ का?" हेही तुम्ही विचारलंय. टॉप-अप म्हणजे ठरावीक रकमेच्या वरचं बिल भरणारी जोड-पॉलिसी. कल्पना वाईट नाही, पण स्टेंटनंतर टॉप-अप मिळेलच असं नाही, आणि मिळाला तरी त्याची प्रतीक्षा नव्याने सुरू होते. तेव्हा आधी अर्ज करा. पॉलिसी हातात आली आणि तिची प्रतीक्षा संपली, की मगच मूळ रक्कम कमी करायचा विचार. वहिनींना थायरॉइडपलीकडे काही नाही, त्यांच्या एकटीसाठी मात्र आत्ताच टॉप-अप घ्यावा असं माझं मत आहे. त्यांच्या आजाराचा पैसा तुमच्याच फ्लोटरमधून जाणार आहे, हे अशा हिशेबात नेहमी विसरलं जातं.

सरकारी योजनांबद्दल दोन ओळींत. महात्मा जोतिराव फुले योजनेचं कव्हर आता ५ लाखांपर्यंत आहे, आणि सत्तरी पूर्ण झाली की उत्पन्न न बघता आयुष्मान वय वंदना कार्ड मिळतं, खासगी पॉलिसी असली तरी. कागद तयार ठेवा. पण दोन्हीकडे ठरलेले उपचार आणि ठरलेली हॉस्पिटलं असतात, म्हणून त्यांना जोड म्हणा, बदली नको.

उद्या चिरंजीवांनी तुम्हाला कायम रहिवासी करून घेतलं तर? २०२४ आणि २०२५ मध्ये आई-वडिलांच्या प्रायोजकत्वाची निमंत्रणं २०२० साली नाव नोंदवलेल्यांमधूनच काढली गेली, तेव्हा त्यावर पैशाचं नियोजन बांधू नका. शिवाय क्युबेक सोडून इतर प्रांतांत मुलाला २० वर्षांची आर्थिक हमी लिहून द्यावी लागते. प्रांताच्या आरोग्य योजनेचं कार्ड मिळालंच, तर हॉस्पिटल आणि डॉक्टर मोफत; हॉस्पिटलबाहेरची औषधं, दात, चष्मा यांचा १९८४ च्या कॅनडाच्या आरोग्य कायद्यात समावेश नाही. ठरवून करायच्या ऑपरेशनला रांग असते आणि ओंटारियोत सरकारी योजनेतल्या उपचारांसाठी खासगी विमा घेऊन ती टाळता येत नाही. पुण्यात सकाळी सांगितलेला एमआरआय संध्याकाळी करून घ्यायची सवय असलेल्या माणसाला हे जड जातं. उलट बाजूही खरी: कर्करोगासारख्या दीर्घ उपचारात तिथला रहिवासी हॉस्पिटलच्या बिलापायी घर विकत नाही, आणि आपल्याकडे २०२१-२२ मध्येही आरोग्यावरच्या एकूण खर्चातले ३९.४ टक्के लोकांनी थेट खिशातून भरले. तिकडची व्यवस्था वाईट आहे असं मी म्हणतच नाही. फक्त ती अजून तुमची नाही.

मग करायचं काय? कॅनडाचा हप्ता चिरंजीवांनी भरावा. ते बोलावताहेत, आणि व्हिसासाठी उत्पन्नही त्यांना दाखवायचं आहे. पुण्याचा हप्ता तुम्ही पेन्शनमधून भरा, बँकेत ऑटो-डेबिट लावा आणि भारतातलं सिमकार्ड रोमिंगवर चालू ठेवा, कारण ओटीपी त्यावरच येणार. तुम्ही जुन्या करप्रणालीत असाल तर आरोग्य विम्याच्या हप्त्यापोटी प्राप्तिकरात ५०,००० पर्यंतची वजावट मिळेल, नव्यात नाही. गुडघा, मोतीबिंदू, अँजिओग्राफी असं जे ठरवून करता येतं ते दरवर्षीच्या पुण्याच्या मुक्कामात करा. एफडीतले ४ लाख वेगळे काढा: तिकडे क्लेममध्ये आपण सोसायची रक्कम, औषधं आणि गरज पडली तर ऐनवेळचं परतीचं तिकीट यासाठी. नूतनीकरणाला अजून सात आठवडे आहेत म्हणता, तर वहिनींच्या टॉप-अपचा अर्ज याच आठवड्यात टाका, आणि कॅनडाची पॉलिसी पक्की करण्याआधी तिचं स्थिरतेचं कलम मला पाठवा.