पासवर्ड बरोबर असूनही सामायिक फोल्डर उघडत नाही तेव्हा

फोंड्यातील आपल्या पतसंस्थेत सहा संगणक आहेत, हिशेबाचा फोल्डर मुख्य संगणकावर आहे आणि तो संगणक बदलून विंडोज ११ चा नवा घेतल्यापासून बाकीच्या पाचांवर 'युजरनेम किंवा पासवर्ड चुकीचा आहे' असे येते, असे आपण लिहिले आहे. मुख्य संगणकावर मात्र त्याच पिनने रोज काम सुरू होते, असेही आपण म्हणता. माझ्या मते दोष त्या पिनमध्येच आहे.

पिन हा केवळ ज्या यंत्रावर ठरवला त्याच यंत्रापुरता असतो आणि नेटवर्कवरून तो कधीच स्वीकारला जात नाही. दुसऱ्या संगणकावरून विचारला जातो तो मुख्य संगणकावरील खात्याचा पासवर्ड; आपण बसलो आहोत त्या यंत्राचा नव्हे. खाते मायक्रोसॉफ्टचे असेल तर आणखी एक अडचण संभवते. पहिल्या दिवसापासून केवळ पिननेच प्रवेश केला असेल, किंवा पासवर्ड नंतर इंटरनेटवरून बदलला असेल, तर मुख्य संगणकाला तो पासवर्ड ठाऊकच नसतो, आणि आपण अगदी अचूक पासवर्ड टंकला तरी नकार मिळतो. त्या यंत्रावर एकदा पिनऐवजी पासवर्डने प्रवेश केल्यास ही अडचण बहुधा सुटते.

तरीही कार्यालयासाठी मी हा मार्ग सुचवणार नाही, कारण व्यवस्थापकांच्या वैयक्तिक खात्याचा पासवर्ड पाच जणांना सांगावा लागणे योग्य नाही. मुख्य संगणकावर फक्त या फोल्डरसाठी एक स्थानिक खाते (मायक्रोसॉफ्टशी न जोडलेले, त्याच संगणकापुरते) उघडावे आणि त्याला पासवर्ड द्यावाच, कारण रिकाम्या पासवर्डच्या खात्याला विंडोज नेटवर्कवरून आत घेत नाही. मग फोल्डरच्या शेअरिंग आणि सिक्युरिटी या दोन्ही ठिकाणी त्या खात्याला परवानगी द्यावी. बाकीच्या यंत्रांवर युजरनेम लिहिताना आधी मुख्य संगणकाचे नाव, मग उलटी तिरकी रेघ आणि मग खात्याचे नाव, असे पूर्ण लिहावे.

हे करण्यापूर्वी पाचही यंत्रांवरील जुनी नोंद काढायला विसरू नका. कंट्रोल पॅनेलमधील क्रेडेन्शियल मॅनेजरमध्ये पूर्वी साठवलेला पासवर्ड राहिला असेल, तर विंडोज काही न विचारता तोच पुढे पाठवत राहते. नव्याने बसवलेल्या विंडोज ११ मध्ये १० चुकीचे प्रयत्न झाले की खाते १० मिनिटे बंद होते, त्यामुळे अशा मूक प्रयत्नांनी नवे खातेही अडकू शकते. एका यंत्रावरून मुख्य संगणकाशी एकाच वेळी दोन वेगळ्या खात्यांनी जोडणी करता येत नाही. तसे झाल्यास १२१९ हा त्रुटी क्रमांक येतो. कमांड प्रॉम्प्टमध्ये 'नेट यूज' (net use) ही आज्ञा दिल्यावर चालू जोडण्या दिसतात. त्यांतील जुनी तोडावी किंवा यंत्र सरळ पुन्हा सुरू करावे.

त्याच आज्ञेने फोल्डर जोडून पाहिल्यास प्रत्येक नकाराचा क्रमांक कळतो, आणि खिडकीतील मोघम वाक्यापेक्षा तो अधिक उपयोगी असतो. १३२६ म्हणजे नाव किंवा पासवर्ड खरोखर जुळत नाही. ५ आला तर पासवर्ड मान्य झाला आहे, परवानगी मात्र नाही. ५३ आल्यास मुख्य संगणकच सापडलेला नाही. तेव्हा केबल, फायरवॉल किंवा संगणकाचे नाव तपासावे, पासवर्ड बदलत बसू नये.

आपल्याकडे मराठी व कोंकणी पत्रव्यवहार चालत असल्याने कीबोर्ड देवनागरीवर राहून जाण्याची शक्यताही असते. पासवर्डच्या चौकटीत ठिपकेच दिसतात, म्हणून तो एकदा नोटपॅडमध्ये टंकून पाहावा आणि लगेच पुसावा. ही तपासणी क्षुल्लक वाटते, पण मडगावच्या एका कार्यालयात याच कारणासाठी मी अर्धा दिवस घालवला आहे.

पुढे संस्थेने सर्व्हर घेऊन डोमेन, म्हणजे सर्व संगणकांची खाती एकाच ठिकाणी सांभाळणारी व्यवस्था, उभारले तर घड्याळाकडेही लक्ष ठेवावे लागेल. तेथे संगणक व सर्व्हर यांच्या वेळेत ५ मिनिटांहून अधिक फरक पडला की नेहमीच्या मांडणीत ओळख पटवणे नाकारले जाते. पावसाळ्यात वीज वारंवार जाते, आणि मदरबोर्डवरील नाण्याएवढी बॅटरी संपलेल्या जुन्या यंत्राचे घड्याळ अशा प्रत्येक वेळी कित्येक वर्षे मागे जाते. सीआर२०३२ या नावाने ती घड्याळाच्या दुकानातही मिळते.