शिह त्झूच्या केसांचं टेन्शन घेऊ नका
तुमच्या शिह त्झूचे, म्हणजे त्या लांब केसांच्या छोट्या कुत्र्याचे, केस अचानक गुंतायला लागले म्हणून घाबरलात? अहो दहा-बारा महिन्यांचं झालं की ते गुंतणारच, पिल्लाचे मऊ केस गळून मोठेपणीचे येत असतात ना, तेव्हा काही महिने रोज विंचरावंच लागतं, सुटका नाही.

वरवर ब्रश फिरवला की कुत्रं मस्त दिसतं पण आत कातडीजवळ गाठी तशाच. पाण्याचा हलका स्प्रे मारा, एका हाताने केस वर धरा आणि खालून एकेक पातळ थर सोडत विंचरा, शेवटी स्टीलचा कंगवा मुळापासून टोकापर्यंत अडकला नाही पाहिजे. कानामागे, काखेत आणि पट्ट्याखाली आधी बघा. आंघोळ गाठी सोडवल्यावरच, कारण ओल्या झाल्या की त्या अजून आवळतात. आणि आपला शाम्पू नको हं.

पावसाळ्यात नाशिकच्या गंगापूर रोडला फिरवून आणलं की पंजे बोटांमधून कोरडे करा, गोचीड पण तपासा. उन्हाळ्यात ‘टक्कल करून टाका’ म्हणणारे भेटतील, ऐकू नका, कातडी भाजते, इंचभर ठेवून कापा. शेजाऱ्यांचा पॉमेरेनियन कुत्रा असेल तर त्यांनाही सांगा, त्याला मशीन लावली की कधीकधी केस नीट परत येतच नाहीत.