फोर्ट जीझस, गेडी आणि 'रेसिडेंट' तिकिटाची भानगड

तुमची पोस्ट वाचली आणि पोटात गोळाच आला. नवऱ्याचं नैरोबीत वर्क परमिट, पुण्याहून सासू-सासरे पंधरा दिवसांसाठी येणार, तीन दिवसांत केनियाच्या किनाऱ्यावरचा मोंबासाचा फोर्ट जीझस किल्ला आणि गेडी या जुन्या गावाचे अवशेष बघायचे, आणि एजंट म्हणतोय, "सगळ्यांची तिकिटं रेसिडेंट दराने काढून देतो, घेऊ का?" अगदी हेच वाक्य मी दोन वर्षांपूर्वी ऐकलंय. घेऊ नका.

गाडी, हॉटेल तुम्ही बघालच, त्यात मी पडत नाही. रेसिडेंट म्हणजे ज्याच्या हातात इथलं रहिवासाचं कार्ड आहे तो, आणि स्वस्त दर त्यालाच. पाहुणे तुमच्या घरी राहतात म्हणून रेसिडेंट होत नाहीत. (माझं ज्ञान माझ्या अनुभवापुरतं. दर आणि नियम बदलतात, निघायच्या आधी स्वतः खात्री करा.)

आमच्या एजंटने पैसे आधीच घेतले होते आणि मोबाइलवर चार तिकिटं पाठवली होती. दुपारी किल्ल्याच्या फाटकावर अस्कारीने, म्हणजे पहारेकऱ्याने, पासपोर्ट मागितले, सासू-सासऱ्यांचे दोन हिरवट-निळे शिक्के बघितले आणि शांतपणे म्हणाला, हे दोघं नॉन-रेसिडेंट. त्याचं काहीच चुकलं नाही, चूक आमची. एजंटच्या ऑफिसला फोन लावला. पहिली म्हणाली साहेब जेवायला गेलेत. दुसरा म्हणाला, "फाटकावरच्या माणसाशी जरा बोलून बघा ना." बोलून बघा म्हणजे काय ते आपल्याला सांगायला नको! तिसऱ्यांदा कुणी उचललाच नाही. पुन्हा तिकीट काढायचं तर रोख घेईनात, माझ्या एम-पेसात (इथलं मोबाइलवरचं पैशांचं खातं) शिल्लक नाही, नवऱ्याचा फोन बंद पडलेला. गल्लीत एम-पेसाची टपरी शोधून पैसे भरून परत येईपर्यंत दीड तास गेला. सासूबाई पायरीवर ओढणीने वारा घेत बसलेल्या.

पैशांचं एक वेळ जाऊ द्या. माझे सासरे, नाना, वसईचे. त्यांना किल्ल्यात एकच गोष्ट बघायची होती. १६९६ मध्ये ओमानी अरबांनी हा किल्ला वेढला, तेव्हा आतल्या पोर्तुगीजांच्या मदतीला गोव्याहून जहाजं आली. त्यांतलं एक 'सांतो आंतोनियो द टान्ना', वसईला बांधलेलं. १६९७ मध्ये ते किल्ल्यासमोरच बुडालं. १९७०च्या दशकाच्या शेवटी पाणबुड्यांनी त्याचा तळ उकरून वस्तू वर काढल्या, त्या किल्ल्यातल्या संग्रहालयात आहेत. नाना विमानात बसल्यापासून मला विचारत होते, "टान्ना म्हणजे आपलं ठाणंच ना गं?" होय, ठाणंच.

आम्ही आत शिरलो तेव्हा बंद व्हायची वेळ होत आलेली. भिंती बघत चालताना नानांनी दगडावर हात फिरवला. हा प्रवाळाचा दगड, खडबडीत, भोकाभोकांचा. "आपला काळा दगड नव्हे हा," म्हणाले. जहाजाच्या वस्तूंच्या खोलीपाशी पोचलो तर माणूस दिवे मालवत होता. त्याने दार अर्धं उघडं ठेवून दोन मिनिटं दिली. नाना उंबऱ्यावर उभे, अंधारात काचेमागे एक मातीचं भांडं तेवढं दिसत होतं. दुसऱ्या दिवशी पहाटे गेडीची गाडी ठरलेली, तिथूनच पुढे मालिंदीहून विमान. परत जाणं झालंच नाही.

म्हणून माझं ठाम मत: फोर्ट जीझसला सकाळी उघडताक्षणी जा आणि आधी तीच खोली बघा. पूर्ण जहाज दिसेल अशी अपेक्षा मात्र घरच्यांना देऊ नका. बाकी सगळं नंतर: बुरुज, सैनिकांनी भिंतीवर काढलेली जहाजांची चित्रं, ओमानी घर. एजंट तासाभरात उरकतात, कारण पुढे त्यांना दुकानात न्यायचं असतं. १५९३ ते ९६ मध्ये बांधलेला आणि १८९५ ते १९५८ तुरुंग म्हणून वापरलेला किल्ला तासात कसा बघणार? अर्धा दिवस हवाच. फाटकाबाहेर गाइड गळ्यात पडतात. काही जण खरंच छान सांगतात, पण आकडा आधी ठरवा, "तुमच्या मनाला येईल ते द्या" यावर भुलू नका.

गेडीबद्दल थोडक्यात. मोंबासाहून शंभरेक किलोमीटर, जंगलात दडलेलं, किनाऱ्यावरच्या स्वाहिली लोकांचं जुनं ओसाड गाव: मशिदी, खोल विहिरी, एक महाल, आणि आत सापडलेल्या वस्तूंवरून नावं पडलेली घरं, कात्रीचं घर वगैरे. एका कबरीवर हिजरी ८०२ म्हणजे इसवी सन १३९९ कोरलंय. गंमत म्हणजे पोर्तुगीज इतक्या जवळ मालिंदीला ठाण मांडून होते, तरी त्यांच्या कागदपत्रांत या गावाचा उल्लेख नाही. वाट मुळांची, खाचखळग्यांची आहे, सासूबाईंना बूट घालायला सांगा. सावली भरपूर आहे, त्यामुळे वयस्कर माणसांना किल्ल्यापेक्षा हे सोपं जातं असं माझं मत. माकडं मात्र बिनधास्त आहेत. नानांच्या हातातलं केळं सालासकट गेलं.

तिकिटं तुम्ही स्वतः काढा, तुमची रेसिडेंट, त्यांची नॉन-रेसिडेंट, आणि आपलं कार्ड नि त्यांचे मूळ पासपोर्ट जवळ ठेवा. फोटोकॉपीवर आमचं भागलं नव्हतं. फरकाची रक्कम दोन माणसांमागे नैरोबीतल्या एका बऱ्या जेवणाएवढी असेल, एवढ्यासाठी आम्ही तो दिवस घालवला.

एजंटने आजतागायत पैसे परत केलेले नाहीत. दर दिवाळीला शुभेच्छांचा फॉरवर्ड मात्र न चुकता येतो, वर लक्ष्मीचा फोटो.